कंठ, काया आणि वर्ण : डायॲन कॅरलच्या अभिनयाचा एक विचार

एखाद्या कलावंताच्या नावामागे ‘पहिली’ हे विशेषण एकदा लागले, की त्या कलावंताच्या कलेचा विचार बहुधा तेथेच थांबतो. अमेरिकन अभिनेत्री व गायिका डायॲन कॅरल (१९३५–२०१९) हिच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. संगीत नाटकातील प्रमुख अभिनेत्रीसाठी असलेले टोनी पारितोषिक मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, आणि दूरचित्रवाणीच्या साप्ताहिक मालिकेत मोलकरणीखेरीज अन्य नायिकेची भूमिका करणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, असा तिचा दुहेरी गौरव केला जातो. हा गौरव यथार्थ आहे. परंतु तो फक्त एवढेच सांगतो, की आजवर बंद असलेली दोन दारे तिच्यासाठी उघडली. आत गेल्यावर तिने काय केले, आणि आत जाताना उंबऱ्याबाहेर तिला काय ठेवून जावे लागले, ह्याविषयी तो मौन पाळतो. समीक्षेचे काम ह्या मौनापासून सुरू होते.

कॅरल ही मूलतः गायिका. तथापि ज्या भूमिकेने तिचे नाव घरोघर पोचविले, ती ‘ज्यूलिया’ (१९६८–१९७१) ह्या मालिकेतील परिचारिकेची भूमिका गायिकेची नाही. हा विरोध केवळ योगायोगाचा नव्हे. नटाजवळ कंठ असतो, काया असते. आणि अमेरिकेसारख्या समाजात त्या कायेचा वर्ण हा तिसरा घटक प्रेक्षकाच्या नजरेतून सदैव हजर असतो. कॅरलच्या कारकिर्दीकडे क्रमाने पाहिले, तर असे आढळते की ज्या ज्या माध्यमाने तिला जवळ केले, त्याने ह्या तीन घटकांपैकी कोणता तरी एक बाजूला सारण्याची अट घातली. त्या अटींचा इतिहास म्हणजेच तिच्या अभिनयाचा इतिहास होय.

१

तिचे मूळ नाव कॅरल डायॲन जॉन्सन. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १७ जुलै १९३५ रोजी तिचा जन्म झाला आणि हार्लेममध्ये ती वाढली. वडील भुयारी रेल्वेत नोकरीस होते; आई परिचारिका होती. ‘ज्यूलिया’तील नायिकेचा व्यवसाय तिला घरातूनच परिचित होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. संगीत व कला ह्यांचे शिक्षण देणाऱ्या न्यूयॉर्कमधील माध्यमिक शाळेत ती शिकली, पुढे काही काळ समाजशास्त्राची विद्यार्थिनी होती. १९५४ मध्ये दूरचित्रवाणीवरील ‘चान्स ऑफ अ लाइफटाइम’ ह्या स्पर्धात्मक कार्यक्रमात तिने गाऊन यश मिळविले आणि त्यायोगे न्यूयॉर्कच्या ‘लॅटिन क्वार्टर’ ह्या नाइटक्लबमध्ये तिला गाण्याची संधी लाभली. त्याच वर्षाच्या अखेरीस हॅरॉल्ड आर्लेनचे संगीत आणि ट्रूमन कपोटीची संहिता असलेल्या ‘हाउस ऑफ फ्लॉवर्स’ ह्या संगीत नाटकात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने ब्रॉडवेवर पदार्पण केले. १९५७ साली आर्लेनच्याच गीतांची तिची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या गायनाचा पिंड येथेच ठरून गेला. तिचा भर आवाजाच्या विस्तारापेक्षा शब्दाच्या स्वच्छ उच्चारावर आहे. गीतातील वाक्य ती संवादासारखे तोलून म्हणते, आणि भावना उंच स्वरावर नेऊन सोडण्यापेक्षा ती आवरून धरणे तिला अधिक मानवते. हा संयम पुढे तिच्या अभिनयाचाही मुख्य गुण ठरला.

दूरचित्रवाणीने तिला प्रथम स्वीकारले ते गायिका म्हणून, हे येथे स्पष्ट होते. तो स्वीकार कोणत्या मर्यादेत होता हेही पाहिले पाहिजे. कृष्णवर्णीय गायकाने एखाद्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून यावे, दोन गीते म्हणावी व निघून जावे, ह्यास त्या काळच्या अमेरिकन दूरचित्रवाणीची हरकत नव्हती. परंतु १९५६ साली नॅट किंग कोल ह्या अत्यंत लोकप्रिय गायकाच्या स्वतःच्या नावाने कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याला राष्ट्रीय पातळीवरचा जाहिरातदार मिळू शकला नाही आणि १९५७ अखेर तो बंद पडला. गाणे म्हणण्याची मुभा होती, घरमालक होण्याची नव्हती. दुसरीकडे, १९५० साली सुरू झालेल्या ‘ब्यूला’ ह्या मालिकेत एक कृष्णवर्णीय स्त्री मध्यवर्ती भूमिकेत होती खरी; पण ती भूमिका गोऱ्या कुटुंबातील मोलकरणीची होती, आणि ती प्रथम केली ती एथेल वॉटर्स हिने, म्हणजे एका थोर गायिकेनेच. गायिका पाहुणी किंवा स्वयंपाकघरातील सेविका, ह्या दोन जागांच्या पलीकडे तिसरी जागा त्या पडद्यावर नव्हती.

२

चित्रपटाने कॅरलच्या कायेला प्रवेश दिला, पण कंठ नाकारला. १९५४ च्या ‘कार्मेन जोन्स’मध्ये तिची दुय्यम भूमिका होती. ह्या चित्रपटाचे नायक-नायिका हॅरी बेलाफाँटी व डॉरथी डँड्रिज हे दोघेही व्यवसायाने गायक असताना त्यांची गीते अनुक्रमे लव्हर्न हचरसन व मॅरिलिन हॉर्न ह्यांच्या आवाजात घेण्यात आली. मॅरिलिन हॉर्न ही गौरवर्णीय गायिका. १९५९ च्या ‘पोर्गी अँड बेस’ ह्या गर्श्विनच्या संगीतिकेवरील चित्रपटात कॅरलने क्लाराची भूमिका केली. त्या संगीतिकेतील सर्वांत प्रसिद्ध असे अंगाईगीत क्लाराच्या वाट्याला आहे. पडद्यावर मूल कुशीत घेऊन ते गीत गाताना दिसते कॅरल. ऐकू येतो लूली जीन नॉर्मन ह्या गौरवर्णीय गायिकेचा आवाज.

मराठी वाचकाला ह्यात प्रथमदर्शनी काही विशेष वाटणार नाही. पार्श्वगायन ही भारतीय चित्रपटाची सर्वमान्य रूढी आहे. परंतु ह्या दोन व्यवहारांतील भेद महत्त्वाचा आहे. मराठी संगीत रंगभूमीवर गाणारा व बोलणारा नट एकच असे. ‘कुंकू’ (१९३७) मध्ये शांता आपटे ह्यांनी स्वतःच्या कंठाने गीते म्हटली. त्यानंतर पार्श्वगायन रूढ झाले तेव्हा गाणारीचे नाव नटीच्या बरोबरीने, किंबहुना अधिक, प्रसिद्ध झाले. प्रेक्षक आवाज व चेहरा वेगळे आहेत हे जाणून दोहोंचा आस्वाद घेतो. हॉलिवूडच्या रूढीत मात्र आवाज त्या चेहऱ्याचाच आहे असा भास अपेक्षित असतो. त्यामुळे गाऊ न शकणाऱ्या नटीला आवाज पुरविणे निराळे, आणि गायिकेच्याच मुखातून दुसरीचा आवाज काढणे निराळे. क्लाराचे गीत शास्त्रोक्त पद्धतीच्या उंच स्त्रीस्वरासाठी रचलेले आहे आणि कॅरलचा आवाज त्या जातीचा नव्हता, हे कारण तांत्रिक दृष्ट्या समर्थनीय आहे. पण त्यातून एक गोष्ट अनवधानाने सिद्ध झाली. आवाजाला वर्ण असतो, कृष्णवर्णीयांचे गाणे त्यांच्या रक्तातून येते, असे जो समाज सतत म्हणत असे, त्याच समाजाने कृष्णवर्णीय मातेच्या मुखातील गोरा आवाज विनातक्रार ऐकला. आवाजाचा वर्ण हा श्रोत्याच्या अपेक्षेचा भाग आहे, ध्वनीचा नव्हे, हे ह्या दृश्याइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

३

कंठ आणि काया ह्यांची गाठ पडली ती रंगभूमीवर. ऑस्कर हॅमरस्टाइनच्या १९६० मधील मृत्यूनंतर रिचर्ड रॉजर्सने संगीत व गीते दोन्ही स्वतः रचून ‘नो स्ट्रिंग्ज’ हे संगीत नाटक उभे केले. जॅक पार ह्याच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात कॅरलला पाहून तिला नायिका करण्याची कल्पना त्याला सुचली होती. १५ मार्च १९६२ रोजी ते ब्रॉडवेवर आले, त्याचे ५८० प्रयोग झाले, आणि त्यातील बार्बरा वुडरफच्या भूमिकेबद्दल कॅरलला टोनी पारितोषिक मिळाले. ते त्या वर्षी ॲना मारिया अल्बर्गेटी हिच्यासह विभागून देण्यात आले होते.

बार्बरा ही पॅरिसमध्ये राहणारी अमेरिकन मॉडेल. डेव्हिड हा तेथेच भरकटलेला अमेरिकन कादंबरीकार. त्याची भूमिका रिचर्ड काइली ह्या गौरवर्णीय नटाने केली. दोघांचे प्रेम जमते आणि अखेर तुटते. तो लेखन पुन्हा सुरू करण्यासाठी मेन राज्यात परततो, ती पॅरिसमध्येच राहते. त्यांनी वेगळे का व्हावे, ह्याचे खरे कारण प्रेक्षकास दिसते. संहितेत मात्र नायिकेच्या वर्णाचा उघड उच्चार होत नाही. वर्ण येथे केवळ पात्रयोजनेतून व्यक्त होतो. ह्या मौनाची चिकित्सा दोन प्रकारे करता येईल. ते सभ्यपणाच्या आड दडलेले भय आहे, हा आक्षेप निराधार नाही. परंतु नाट्यदृष्ट्या त्या मौनाला एक अर्थही प्राप्त झाला आहे, आणि तो गायनाने दिला आहे. वादक रंगमंचावर पात्रांमध्ये वावरतात. वाद्यवृंदात तंतुवाद्ये नाहीत. प्रारंभी दोघे एकमेकांस न पाहता एकच गीत गातात, आणि शेवटी त्याच गीताकडे परततात. जे बोलता येत नाही ते रचनेच्या ह्या आवर्तनात ऐकू येते. मूळ नटसंचाच्या ध्वनिमुद्रिकेवर कॅरलचे गाणे आजही ऐकता येते. ते ऐकताना जाणवते की तक्रारीचा एकही स्वर न लावता ती समाप्तीचे भान गीताच्या पहिल्याच ओळीपासून जागे ठेवते. कंठ व काया येथे एकत्र आहेत. अनुच्चारित राहिला तो वर्ण.

४

‘ज्यूलिया’चा विचार ह्या पार्श्वभूमीवर केला म्हणजे तिच्याभोवतीच्या वादाचे स्वरूप उलगडते. हॅल कँटर ह्याने निर्मिलेली ही अर्ध्या तासाची विनोदी मालिका १७ सप्टेंबर १९६८ रोजी एनबीसी ह्या वाहिनीवर सुरू झाली व १९७१ च्या मार्चमध्ये संपली. तिचे ८६ भाग झाले. पहिल्या वर्षी प्रेक्षकसंख्येत ती देशात सातवी होती. ज्यूलिया बेकर ही परिचारिका. तिचा वैमानिक पती व्हिएतनामच्या युद्धात मारला गेलेला. कोरी नावाचा लहान मुलगा. आणि दवाखान्यात तिरसट पण मनाने भला असा वृद्ध डॉक्टर चेगली. ह्या मालिकेच्या आगमनापूर्वी काही महिन्यांतच मार्टिन ल्यूथर किंग ह्यांची ४ एप्रिल १९६८ रोजी हत्या झाली होती, आणि कर्नर आयोगाने आपल्या अहवालात वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी ही केवळ गोऱ्यांच्या दृष्टीने जग दाखवितात असा ठपका ठेवला होता. अशा वेळी सुसज्ज घरात, उंची पोशाखात वावरणारी ही विधवा अनेकांना असह्य वाटली. जळत्या वस्त्यांचा हिच्या घराशी संबंध काय, परिचारिकेच्या वेतनात हे घर कसे, आणि घरातील कृष्णवर्णीय पुरुष मालिकेच्या आरंभापूर्वीच मृत का, असे प्रश्न विचारले गेले. खुद्द कॅरलनेही १९६८ अखेरच्या एका मुलाखतीत, आपण दाखवीत आहोत तो कृष्णवर्णीय माणूस गोऱ्याच्या साच्यातला आहे, अशा आशयाची कबुली दिली.

हे आक्षेप सामाजिक दृष्ट्या ग्राह्य आहेत. परंतु त्यांचा आणि त्यांना दिलेल्या उत्तरांचा मापदंड एकच आहे: मालिका वास्तवाशी किती जुळते. अभिनय म्हणून तेथे काय घडत होते, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. त्याचे उत्तर शोधताना प्रथम एक शंका निवारली पाहिजे. विनोदी मालिकेत गाण्यास वाव नसतो, म्हणून ज्यूलिया गात नाही, असे म्हणता येईल काय? तसे म्हणता येत नाही. ‘आय लव्ह ल्यूसी’तील नायक वाद्यवृंदाचा प्रमुख व गायक होता, डॅनी टॉमसच्या दीर्घकाळ चाललेल्या मालिकेचा नायक नाइटक्लबमधील कलावंत होता. गायकाला गायक म्हणूनच कौटुंबिक विनोदात बसविण्याची वाट मळलेली होती. तरीही कॅरलसाठी परिचारिका निवडली गेली. एवढेच नव्हे, तर कँटरला प्रारंभी ती ह्या भूमिकेस योग्यही वाटली नव्हती. तिची झगमगीत, नागर अशी गायिकेची प्रतिमा आड येत होती. ती प्रतिमा उतरवून ठेवणे ही भूमिकेची पहिली अट होती.

येथेच ‘ज्यूलिया’तील अंतर्विरोधाचे मूळ आहे. गाण्याची मुभा कृष्णवर्णीय स्त्रीला आधीपासून होती. न गाता पडद्यावर असण्याचा अधिकार मात्र नव्हता. गायिका म्हणून ती पाहुणी होती, परिचारिका म्हणून ती घरची झाली. दर आठवड्याला ती उठते, मुलाला शाळेत धाडते, कामावर जाते, थकून परत येते. कोणाचे मनोरंजन करणे हा तिच्या अस्तित्वाचा हेतू नाही. कॅरलच्या कंठाचे मौन ही हानी आहे, आणि तीच त्या मालिकेची खरी मिळकतही आहे. ह्यांपैकी एकच बाजू पाहणाऱ्यांनी ‘ज्यूलिया’ला एकतर पराक्रम ठरविले किंवा तडजोड. प्रत्यक्षात ती एकाच व्यवहाराची दोन अंगे होत.

मालिकेच्या आरंभीचा एक प्रसंग ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नोकरीसाठी ज्यूलिया डॉक्टर चेगलीशी टेलिफोनवर बोलते. आपण कृष्णवर्णीय आहोत हे आधीच सांगावे असे तिला वाटते. डॉक्टर तिला मिस्कीलपणे विचारतो, की हा वर्ण जन्मापासूनचा आहे की हल्लीच्या रीतीनुसार धारण केलेला. प्रसंगाचा सारा विनोद एका गृहीतावर उभा आहे: आवाजावरून वर्ण कळत नाही. क्लाराच्या गीतात गोरा आवाज काळ्या मुखातून आला आणि कोणास खटकला नाही. येथे काळ्या स्त्रीचा आवाज वर्णहीन म्हणून ऐकला जातो आणि तिला स्वतःहून आपला वर्ण जाहीर करावा लागतो. मालिकेच्या टीकाकारांना खटकला तो हाच वर्णहीन सूर. परंतु तो सूर साधणे ही कॅरलची कारागिरी होती, हे त्यांनी पाहिले नाही. प्रत्येक शब्द स्वच्छ, वाक्याचा शेवट कधी न घसरणारा, रागाच्या क्षणी आवाज चढण्याऐवजी मंद होणारा, आणि विनोदी वाक्यापूर्वी नेमकी अर्ध्या मात्रेची विश्रांती. हे गायिकेचे शिक्षण आहे. गाणे काढून घेतल्यावरही गायिका उरली, ती तिच्या बोलण्यात उरली.

ह्या कारागिरीची मर्यादाही सांगितली पाहिजे. संयम हा गुण तेव्हाच ठरतो, जेव्हा आवरून धरण्याजोगे काही समोर असते. ‘नो स्ट्रिंग्ज’मध्ये ते होते, ‘ज्यूलिया’च्या अनेक भागांत ते नाही. तेथे वर्णद्वेष शेजाऱ्याचा गैरसमज म्हणून येतो व पंचवीस मिनिटांत दूर होतो. अशा भागांत कॅरलचा तोल सुंदर दिसतो, पण त्याखाली वजन नसते. दोष नटीचा नाही. तथापि भूमिकेच्या मूल्यमापनात तो मांडावाच लागतो. तिच्या आवाक्याचा पुरावा त्याच काळात अन्यत्र उपलब्ध होता: ‘नेकेड सिटी’ ह्या मालिकेच्या १९६२ मधील एका भागातील गंभीर भूमिकेबद्दल तिला एमी पारितोषिकाचे नामांकन मिळाले होते.

५

पुढील कारकीर्द ह्या तीन घटकांची नव्याने जुळणी करणारी आहे. १९७४ च्या ‘क्लॉडीन’ ह्या चित्रपटात तिने हार्लेममधील सहा मुलांच्या आईची भूमिका केली. सरकारी साहाय्यावर जगणारी ही स्त्री चोरून मोलकरणीचे काम करते. ही भूमिका मूळ डायना सँड्स ह्या अभिनेत्रीसाठी होती. असाध्य आजारामुळे तिला ती सोडावी लागली व तिने कॅरलचे नाव सुचविले. सँड्सने ‘ज्यूलिया’मध्येही काम केले होते. ज्या मोलकरणीच्या भूमिकेपासून सुटका हेच ‘ज्यूलिया’चे ऐतिहासिक महत्त्व, त्या भूमिकेकडे कॅरल येथे परत जाते, पण आता मोलकरणीचे घर, तिचा संताप, तिचे प्रेम हा कथेचा गाभा आहे, मालकाचे दिवाणखाने नव्हेत. चित्रपटातील गीते कर्टिस मेफील्डची असून ती ग्लॅडिस नाइट व तिच्या सहकाऱ्यांनी गाइली आहेत. आवाज पुन्हा दुसऱ्याचाच. परंतु तो कॅरलच्या मुखात घातलेला नाही, तो तिच्या जीवनावरील भाष्य म्हणून बाहेरून येतो. ऑस्करचे नामांकन तिला ह्याच भूमिकेने मिळवून दिले, आणि आवरलेला संताप खऱ्या वजनासह प्रकट झाला तोही येथेच.

१९८४ मध्ये ‘डायनॅस्टी’ ह्या श्रीमंतांच्या कलहावरील मालिकेत ती डॉमिनिक डेव्हरो म्हणून आली. ही भूमिका वाङ्मयीन दृष्ट्या उथळ आहे. परंतु डॉमिनिक गायिका आहे आणि त्याचबरोबर धनाढ्य, गर्विष्ठ, सूडबुद्धीची उद्योजिका आहे. सद्गुणी असण्याचे जे ओझे ज्यूलियावर होते, ते येथे फेकून दिलेले आहे. दूरचित्रवाणीवरील कृष्णवर्णीय स्त्रीला दुष्ट असण्याचाही हक्क हवा, हा कॅरलचा आग्रह गमतीचा वाटला तरी समीक्षेच्या दृष्टीने गंभीर आहे: केवळ आदर्श असू शकणारे पात्र हे अजून पूर्ण पात्र नसते.

१९९५ साली टोरांटो येथे ‘सनसेट बुलेव्हार्ड’ ह्या संगीत नाटकात तिने नॉर्मा डेझ्मंडची प्रमुख भूमिका केली. नॉर्मा ही मूकपटाच्या काळातील नटी. बोलपट आला आणि तिचे राज्य गेले. आवाजामुळे पदच्युत झालेल्या नटीचे दुःख गाऊन दाखविणे हा त्या संगीत नाटकातील मूळचाच विरोधाभास आहे. कॅरलच्या बाबतीत त्याला आणखी एक पदर येतो, कारण पडद्यावर दिसणारी काया आणि ऐकू न येणारा कंठ ह्यांचा अनुभव तिने स्वतःच्या व्यवसायात घेतला होता.

६

ह्या विवेचनावरून असे म्हणता येईल, की डायॲन कॅरलचे मूल्यमापन ‘पहिली’ ह्या विशेषणाने पूर्ण होत नाही, आणि ‘ज्यूलिया’च्या सामाजिक गुणदोषांनीही होत नाही. चित्रपटाने तिची काया घेतली व कंठ परका केला. रंगभूमीने दोन्ही घेऊन वर्णाविषयी मौन राखले. दूरचित्रवाणीने वर्ण बोलून दाखविला, पण गाणे बाहेर ठेवले. ह्या प्रत्येक वाटणीत जे उरले त्यातूनच तिने भूमिका घडविली. मालिकांच्या इतिहासात तिची नोंद दार उघडणारी म्हणून होते. अभिनयाच्या इतिहासात ती व्हावी ती ह्यासाठी, की गाण्याचे शिस्तबद्ध संस्कार तिने निव्वळ बोलण्यात उतरविले, आणि गायिकेचे न गाणे हेही ऐकण्यासारखे असते हे दाखविले.

संगीत रंगभूमीच्या अभ्यासकांना ह्यातून एक दिशा मिळू शकते. गाणारी नटी गद्य नाटकाकडे, बोलपटाकडे वा दूरचित्रवाणीकडे वळली म्हणजे ‘तिचे गाणे सुटले’ असे आपल्या नाट्यसमीक्षेत सहज म्हटले जाते. गाणे सुटते तेव्हा ते कोठे जाते, कोणत्या उच्चारात, कोणत्या विरामात, कोणत्या संयमात शिल्लक राहते, ह्याचा शोध भूमिकाभूमिकांतून घेतला, तर नटीच्या कारकिर्दीतील हे टप्पे केवळ व्यवसायबदल म्हणून न दिसता एकाच कलेची स्थित्यंतरे म्हणून दिसू लागतील.